लुकलुकणारा दिवा व सामाईक घर

संध्याकाळीं मुलांनीं पुस्तकें उघडावींत आणि नेमकें त्याच वेळीं डोक्यावरील दिव्यानें उघडझाप करूं लागावें, हा अनुभव आपल्यापैकीं फार थोड्यांस अपरिचित असेल. दिवा दोनचार वेळां लुकलुकतो, मंदावतो, पुन्हां भडकतो व स्थिर होतो. घरांतील मंडळी क्षणभर वर पाहतात, "लाईट फडफडते आहे" असें म्हणतात आणि आपापल्या कामास लागतात. वस्तुतः त्या क्षणीं दिव्यानें कांहींतरी सांगितलेलें असतें. परंतु ती भाषा आपणांस अवगत नसल्यामुळें तो निरोप वायां जातो. ही भाषा कशी वाचावी, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून द्यावें, एवढाच प्रस्तुत पाठाचा हेतु आहे.

हा विषय आमच्या शहरास विशेष लागू पडतो. पंचवटींतील व जुन्या नाशकांतील वाडे ज्या काळीं बांधले गेले, त्या काळीं विजेचें नांवहि कोणास ठाऊक नव्हतें. एका चौकाभोंवतीं चारसहा बिऱ्हाडें राहत. पुढें वीज आली तेव्हां लांकडी तुळयांवरून तारा ओढल्या गेल्या, आणि जसजसें बिऱ्हाड वाढे तसतसा जुन्या तारेस नवा फांटा फुटे. अलीकडे त्या वाड्यांच्या जागीं व इंदिरानगर, सिडको, गंगापूर रस्ता, नाशिकरोड अशा भागांत मजल्यावर मजले चढवून फ्लॅट उभे राहिले आहेत. येथें प्रत्येकाचें दार वेगळें, मीटर वेगळा व बिलहि वेगळें. त्यामुळें आपली वीज केवळ आपलीच आहे असा समज होतो. परंतु जिना, टाकी व गच्ची जशी सामाईक, तशीच वीजहि सामाईकच आहे. वाडा गेला, पण सामाईकपण गेलें नाहीं. तें भिंतीच्या आंत गेलें, म्हणून दिसेनासें झालें, इतकेंच.

वीज घरांत कशी येते

वीज ही नळाच्या पाण्यासारखी आहे असें प्रारंभीं समजावें. नाशिककरांस पाणी मुख्यतः गंगापूर धरणांतून मिळतें. तें उंच टाकींत चढवितात, आणि टाकीच्या उंचीमुळें नळाच्या पाण्यास जो जोर येतो त्यास आपण दाब म्हणतों. विजेलाहि असाच दाब असून तो व्होल्टमध्यें मोजतात. नळांतून दर क्षणीं वाहणाऱ्या पाण्याप्रमाणें तारेंतून जो प्रवाह वाहतो, तो अँपिअरमध्यें मोजतात. अरुंद किंवा गंजलेला नळ जसा पाण्यास अडथळा करतो, तसा तार विजेस जो अडथळा करते त्यास रोध म्हणतात, व त्याचें माप ओहम हें आहे. सकाळीं सर्व बिऱ्हाडांचे नळ एकदम सुटले म्हणजे शेवटच्या नळाची धार बारीक होते, हें आपण नित्य पाहतों. विजेचाहि प्रकार पुष्कळसा असाच आहे.

आपल्या जिल्ह्यांत एकलहरे येथील औष्णिक वीजकेंद्र १९७० च्या सुमारास सुरू झालें. तेथील वीज काय किंवा कोयनेची काय, अमुक एका घरासाठीं वेगळी अशी कधींच निघत नाहीं; ती प्रथम देशाच्या सामाईक जाळ्यांत मिसळते. मग टप्प्याटप्प्यानें तिचा दाब उतरवीत ११,००० व्होल्टच्या तारांनीं ती आपल्या गल्लींतील रोहित्रापर्यंत येते. लोक ह्या रोहित्रास व त्याच्या पेटीस "डी.पी." म्हणतात. रोहित्रांतून चार तारा निघतात. त्यांपैकीं तीन तारांस फेज व चौथीस न्यूट्रल असें नांव आहे. कोणताहि एक फेज आणि न्यूट्रल ह्यांमध्यें २३० व्होल्टचा दाब असतो, व तोच आपल्या घरीं येतो. दोन फेजांमध्यें मात्र २३० ला १.७३२ नें गुणून येणारा, म्हणजे सुमारें ४०० व्होल्टचा दाब असतो. इमारतींतील फ्लॅट ह्या तीन फेजांवर वांटून दिलेले असतात. पहिला मजला एका फेजवर, दुसरा दुसऱ्यावर, तिसरा तिसऱ्यावर, अशी कांहींतरी व्यवस्था असते. रोहित्राकडे परत जाण्याची वाट, म्हणजे न्यूट्रल, मात्र सर्वांची मिळून एकच असते. ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें महत्त्व दिसून येईल.

प्रश्नांचा क्रम

रोग्याला पाहतांच औषध देणारा वैद्य शहाणा नव्हे. दुखतें कोठें, केव्हांपासून, कशानें वाढतें, हें तो आधीं विचारतो. दिवा लुकलुकूं लागला असतां आपणहि तसेंच करावें.

पहिला प्रश्न असा, कीं एकच दिवा लुकलुकतो कीं अनेक? एकच असेल तर दोष बहुधा त्या दिव्यांत किंवा त्याच्या होल्डरांत असतो. जुन्या ट्यूबचीं टोकें काळीं पडलीं असल्यास ट्यूबचें आयुष्य संपत आलें आहे असें समजावें. कित्येक वेळां नवा स्टार्टर बसवितांच काम भागतें. एल.ई.डी. दिव्यांत विजेचें नियमन करणारी लहानशी मंडलपट्टी असते. ती हलकी असेल अथवा तापून बिघडली असेल, तर नवा दिवाहि उघडझाप करतो. बटन बंद केल्यावर रात्रीं एल.ई.डी. दिवा अंधुकपणें लुकलुकतांना दिसला, तर हें भुताचें काम नव्हे. एक तर बटनांतील लहान खूणदिव्यावाटे किंचित् वीज झिरपत असते. नाहीं तर बटन फेजच्या तारेवर बसविण्याऐवजीं चुकून न्यूट्रलवर बसविलेलें असतें. हा दुसरा प्रकार धोक्याचा होय. कारण बटन बंद असूनहि होल्डर जिवंतच राहतो, आणि दिवा बदलणाऱ्यास धक्का बसूं शकतो.

दुसरा प्रश्न : एकाच खोलींतील दिवे व पंखा मिळून मंदावतात काय? तसें असल्यास त्या खोलीच्या बटनपाटीकडे लक्ष द्यावें. बटनांतून चरचर आवाज येणें, पाटी हातास कोमट लागणें, किंवा जळक्या प्लास्टिकचा वास येणें, ह्या तिन्ही खुणा सैल झालेल्या सांध्याच्या आहेत.

तिसरा प्रश्न : आपल्या एकट्याच्याच सर्व घरांत तसें होतें, आणि शेजाऱ्याकडे मात्र सारें स्थिर असतें काय? मग दोष मेन स्विच, मीटर किंवा त्यांच्यामधील तारेंत शोधला पाहिजे.

चौथा प्रश्न : एका घरीं दिवे मंद व त्याच क्षणीं दुसऱ्या घरीं भगभगीत, असें होतें काय? ही सर्वांत भयंकर खूण आहे. तिचा अर्थ बहुधा न्यूट्रल तुटली किंवा सैल झाली असा असतो. अशा वेळीं अधिक विचार करीत न बसतां मेन स्विच बंद करावा.

पांचवा प्रश्न : सारी गल्लीच लुकलुकते काय? तर कारण आपल्या इमारतीबाहेरचें आहे. वाऱ्यानें तारेस झाडाची फांदी घासत असेल, डी.पी.मधील सांधा तापला असेल, किंवा रोहित्रावर त्याच्या शक्तीबाहेर भार पडला असेल.

हे पांच प्रश्न क्रमानें विचारले, तर अर्धें काम तेथेंच झालें. न विचारतां दिवे बदलीत सुटणें म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, असा प्रकार होतो. सोमेश्वर आमच्या नाशिककरांस जवळ असलें, तरी आग तेथें लागलेली नसते!

सैल सांध्याचें गणित

दिवा जरासाच लुकलुकतो, मग त्याची एवढी चिंता कशास करावी, असें पुष्कळांस वाटतें. त्याचें उत्तर वरच्या वर्गांतील विद्यार्थी स्वतःच काढूं शकतील.

समजा, मेन स्विचमधील एका स्क्रूखालील तार सैल झाली असून तेथें अर्धा ओहम एवढा रोध उत्पन्न झाला आहे. स्नानाच्या वेळीं गीझर व इतर उपकरणें मिळून १० अँपिअर प्रवाह त्या सांध्यांतून जातो. दाबांतील घट म्हणजे प्रवाह गुणिलें रोध. अर्थात् १० × ०.५ = ५ व्होल्ट. २३० व्होल्टमध्यें पांचाची घट म्हणजे शेंकडा दोनांहून थोडी अधिक. दिवा क्षणभर मंद झाल्यासारखा भासेल, एवढेंच. परंतु त्याच सांध्यांत निर्माण होणारी उष्णता पाहा. ती प्रवाहाचा वर्ग गुणिलें रोध, म्हणजे १०० × ०.५ = ५० वॉट इतकी होते. रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर पंचवीस वॉटच्या सोल्डरिंगच्या सळईनें डाख वितळवितो. येथें त्याच्या दुप्पट शक्ति, हरभऱ्याएवढ्या जागेंत, बंद पेटीच्या आंत, रोज सकाळीं तासभर कार्य करीत असते.

आणि आश्चर्य असें, कीं फ्यूज किंवा एम.सी.बी. ह्या वेळीं कांहींच करीत नाहीं. तिचें काम प्रवाह मर्यादेबाहेर गेला असतां तोडण्याचें आहे. येथें तर प्रवाह वाढलेलाच नाहीं. म्हणून "एम.सी.बी. पडत नाहीं, अर्थात् सर्व ठीक आहे" हें अनुमान चुकीचें होय. अशा सांध्याची वर्दी देणारा पहारेकरी म्हणजे तो लुकलुकणारा दिवाच. तार ॲल्युमिनियमची असेल तर अधिक जपावें लागतें. कारण तिच्यावर रोधक थर लवकर चढतो, आणि तापतां निवतां ती स्क्रूखालीं हळूहळू सैल होत जाते.

दाब कमी होतो म्हणून कित्येक गृहस्थ स्टॅबिलायझर विकत आणतात. बाहेरून येणारा दाबच कमीजास्त होत असेल, तर त्याचा उपयोग आहे. परंतु दोष सैल सांध्याचा असेल, तर स्टॅबिलायझर उपकरणास पुरता दाब देण्याकरितां तारेंतून अधिक प्रवाह ओढतो, आणि सांधा पूर्वीपेक्षां अधिकच तापतो. रोग झांकून ठेवणारें औषध कित्येकदां रोगापेक्षां वाईट असतें, तें असें.

न्यूट्रलचें गणित

आतां मघां सांगितलेल्या सामाईक न्यूट्रलकडे वळूं. समजा, एका इमारतींत दोन बिऱ्हाडें दोन वेगळ्या फेजांवर आहेत. पहिल्या घरीं १,००० वॉटचें उपकरण चालू आहे. त्याचा रोध सुमारें ५३ ओहम भरतो. दुसऱ्या घरीं शंभर वॉटचाच भार आहे. त्याचा रोध सुमारें ५२९ ओहम भरतो. न्यूट्रल शाबूत असेपर्यंत दोघांसहि २३० व्होल्ट मिळतात आणि एकाचा दुसऱ्याशीं संबंध येत नाहीं. पण जिन्याखालच्या पेटींत न्यूट्रल तुटली, कीं हीं दोन्ही घरें एकामागून एक अशीं ओवलीं जाऊन ४०० व्होल्टवर लागतात. एकूण रोध ५८२ ओहम. प्रवाह सुमारें ०.६९ अँपिअर. मग पहिल्या घरास अवघे ३६ व्होल्ट मिळतात, आणि दुसऱ्या घरावर सुमारें ३६४ व्होल्ट येऊन आदळतात.

हें उत्तर नीट पाहावें. ज्याच्या घरीं भार अधिक, त्याचा दिवा विझतो. ज्याच्या घरीं एखादा पंखा व दिवा एवढेंच चालू, त्याचीं उपकरणें जळतात. सामाईक वाट तुटली म्हणजे शिक्षा दोषी कोण हें पाहून होत नाहीं. बहुधा जो सर्वांत थोडें वापरतो, तोच सर्वांत अधिक भोगतो.

हें केवळ पाटीवरील गणित नव्हे. आमच्या परिचयाच्या एका तीन मजली इमारतींत, वार्षिक परीक्षेच्या सुमारास, महिनाभर दिव्यांचा असा खेळ चालला होता. दुसऱ्या मजल्यावर नुकतेंच एक बिऱ्हाड आलें होतें व त्यानें एअर कंडिशनर बसविला होता. तेव्हां सर्वांनीं दोष त्याच्या माथीं मारला. एकानें दिवे तीनदां बदलले, दुसऱ्यानें स्टॅबिलायझर आणला, आणि नव्या भाडेकरूंशीं बोलणेंचालणें बंद झालें. पहिल्या मजल्यावर राहणारा नववींतील एक विद्यार्थी मात्र वहींत रकाने आंखून रोज टिपण करूं लागला : तारीख, वेळ, आपल्या घरची स्थिति, व तिसऱ्या मजल्यावरील मित्राच्या घरची स्थिति. आठनऊ दिवसांत एक गोष्ट स्पष्ट झाली. त्याच्या घरचा पंखा ज्या क्षणीं मंदावे, त्याच क्षणीं मित्राच्या घरचा पंखा जोरानें फिरे व देवघरांतील जुना तारेचा दिवा पांढराशुभ्र पडे. दुसऱ्या मजल्यावरील यंत्र त्या वेळीं कधीं चालू असे, कधीं बंद. त्याचा व ह्या प्रकाराचा मेळ बसेना.

ती वही वडिलांनीं आमच्याकडे आणली, तेव्हां मुख्य स्विच बंद ठेवून परवानाधारक वायरमनला त्याच दिवशीं बोलवावें, असें आम्हीं सांगितलें. वायरमननें जिन्याखालील पेटी उघडण्यापूर्वीं तिच्याजवळचीं रद्दीचीं गाठोडीं व एक जुनी गादी बाहेर काढविली. आंत न्यूट्रलच्या पट्टीचा स्क्रू सैल होऊन तारेचें टोंक करपलें होतें, आणि भोंवतालचें प्लास्टिक वितळून काळें झालें होतें. दुरुस्तीस एक पट्टी व हातभर तार लागली. तोंपर्यंत तिसऱ्या मजल्यावरील फ्रिज व टेलिव्हिजन निकामी झाले होते, आणि ज्या गृहस्थांशीं महिनाभर कोणी बोललें नव्हतें ते सर्वस्वीं निरपराधी ठरले. चोर सोडून संन्याशाला फांशी, ही म्हण आपल्या भाषेंत उगाच आलेली नाहीं. रद्दीचीं तीं गाठोडीं कोणाचीं होतीं, हें मात्र शेवटपर्यंत कळलें नाहीं. तीं सामाईक जागेंत होतीं, म्हणून कोणाचींच नव्हतीं.

पंप, लिफ्ट व नवे दिवे

कांहीं मंदावणें दोषाचें नसून भाराचें असतें. पंपाची किंवा लिफ्टची मोटर सुरू होतांना क्षणभर नेहमींच्या पांचसहा पट प्रवाह ओढते. त्या क्षणीं इमारतीचे दिवे डोळा मिचकावल्यासारखे करतात. नळाला पाणी येण्याची वेळ ठराविक असल्यामुळें गल्लींतील सर्व इमारतींचे पंप एकाच सुमारास चालू होतात, आणि गीझरहि त्याच वेळीं तापत असतात. असें मंदावणें क्षणिक व ठराविक वेळीं होत असेल तर भिण्याचें कारण नाहीं. तें दिवसेंदिवस वाढत असेल, तर मात्र मुख्य तार भारास अपुरी पडूं लागली असें समजावें. पंखे व दिवे एवढाच भार गृहीत धरून घातलेल्या तारेवर आज प्रत्येक घरीं गीझर, धुलाईयंत्र व कित्येक ठिकाणीं एअर कंडिशनर चालतात. वाढलेला भार वीजकंपनीस कळवून मंजूर करून घेणें, हें कायद्याच्या दृष्टीनें आवश्यक आहेच. पण सुरक्षिततेच्या दृष्टीनें त्याहून अधिक आवश्यक आहे.

येथें एक नवी अडचण सांगितली पाहिजे. तारेच्या जुन्या दिव्याचा प्रकाश दाबाबरोबर कमीजास्त होई. दाब दशांशानें उतरला असतां उष्णता देणाऱ्या उपकरणाची शक्ति शेंकडा ८१ वर येते. दिव्याचा प्रकाश त्याहूनहि अधिक घटे, म्हणून दोष चटकन् डोळ्यांस दिसे. २०१५ मध्यें सुरू झालेल्या सरकारी उजाला योजनेनें एल.ई.डी. दिवे घरोघर पोंचले, व विजेची मोठी बचत झाली. परंतु चांगला एल.ई.डी. दिवा आंतल्या आंत नियमन करून दाब कमी झाला तरी तितकाच प्रकाश देतो. म्हणजे तो जुना पहारेकरी आतां झोंपीं गेला आहे. यास्तव पंख्याची गति, फ्रिजच्या यंत्राचा घरघराट व पाणी चढविण्यास पंपास लागणारा वेळ, ह्यांवर लक्ष ठेवण्यास आपण शिकलें पाहिजे. दाब कमी असतां मोटर अधिक प्रवाह ओढून तापते. फ्रिज पुनःपुन्हां सुरू होण्याचा प्रयत्न करून थांबत असेल, तर तो बंद करणेंच बरें.

देश हेंहि एक सामाईक घर

इमारतीचा हा नियम देशासहि लागू आहे. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदास ५० वेळां हेलकावे घेतो, आणि एका जाळ्याला जोडलेलीं सर्व जनित्रें ह्याच तालावर फिरतात. मागणी निर्मितीपेक्षां अधिक झाली कीं हा ताल सर्वांचाच मंदावतो. २००५ च्या सुमारास व पुढील कांहीं वर्षें महाराष्ट्रानें जें भारनियमन सोसलें, त्याचें मूळ ह्या तुटींत होतें. त्या वेळचे विद्यार्थी आज पालक झाले आहेत, त्यांस कंदिलावरील अभ्यास आठवत असेल. ३० व ३१ जुलै २०१२ ह्या दोन दिवशीं उत्तर भारताचें, व दुसऱ्या दिवशीं पूर्व व ईशान्य भारताचेंहि जाळें कोसळून साठ कोटींहून अधिक लोकांचा प्रदेश अंधारांत गेला. चौकशी समितीनें जीं अनेक कारणें दिलीं, त्यांत कांहींनीं ठरल्यापेक्षां अधिक वीज ओढली हेंहि एक होतें. पुढें ३१ डिसेंबर २०१३ रोजीं रायचूर-सोलापूर ह्या मार्गानें दक्षिणेचें जाळें उर्वरित देशास जोडलें गेलें, आणि सारा देश एका तालावर आला. आपल्या जिन्याखालची पेटी व हें प्रचंड जाळें ह्यांत आकाराचा भेद आहे, तत्त्वाचा नाहीं.

काय करावें व काय टाळावें

मुलांनीं मीटरची किंवा डी.पी.ची पेटी केव्हांहि उघडूं नये. पाहणें, ऐकणें, वास घेणें व लिहून ठेवणें एवढेंच त्यांचें काम. मोठ्यांनींहि ओल्या हातानें अगर ओल्या जमिनीवर उभें राहून बटनास हात लावूं नये. वितळलेल्या फ्यूजच्या जागीं जाड तार घालणें म्हणजे पहारेकऱ्याचे डोळे बांधणें होय. न्यूट्रल मिळत नाहीं म्हणून अर्थिंगच्या तारेवर दिवा चालविण्याची युक्ति कोणी सांगितल्यास ती मुळींच ऐकूं नये. त्यामुळें साऱ्या इमारतींतील धातूचीं उपकरणें जिवंत होण्याचा संभव असतो.

दिवे एका घरीं मंद व दुसऱ्या घरीं भगभगीत झाले, किंवा जळका वास आला, तर मेन स्विच बंद करून शेजाऱ्यांसहि तसें करण्यास सांगावें. गेलेली वीज परत आल्यावर फ्रिज लगेच सुरू करूं नये. चारपांच मिनिटें थांबावें, म्हणजे दाबहि स्थिरावतो व यंत्रासहि सोपें जातें. दाब मर्यादेबाहेर जातांच वीज तोडणारें उपकरण मुख्य पाटीवर बसवून घेतां येतें. धक्क्यापासून जीव वांचविणारी, ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर वीज तोडणारी आर.सी.सी.बी. प्रत्येक घरीं असावी. मात्र सैल सांधा किंवा तुटलेली न्यूट्रल ती ओळखूं शकत नाहीं. उन्हाळ्यांत जमीन सुकते, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यास पाणी घालीत जावें. पावसाळ्यापूर्वीं सामाईक पेटींतील सर्व स्क्रू वायरमनकडून वर्षांतून एकदां आवळून घ्यावेत, व पेटीसमोर कांहींहि साठवूं नये.

जबाबदारी कोणाची

मीटरपर्यंतची व्यवस्था वीजकंपनीची, व मीटरपुढील तारा ग्राहकाच्या, असा साधारण नियम आहे. २००५ मध्यें वीज मंडळाचें विभाजन झाल्यापासून नाशकांत वीजवितरणाचें काम महावितरणकडे आहे. तक्रारीसाठीं १९१२ हा क्रमांक आहे. गल्लीचा दोष असेल तर तेथें कळवावें आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा. दाद न लागल्यास वीज कायदा २००३ अन्वयें ग्राहक गाऱ्हाणें निवारण मंच व त्यावर विद्युत् लोकपाल अशी सोय आहे. तेथें आवाज चढवून बोलण्यापेक्षां तारीखवार टिपणाची वही अधिक उपयोगी पडते.

मीटरच्या पुढें व आपल्या दाराच्या अलीकडे जी तार जिन्यांतून चढते, तिच्याविषयीं मात्र सर्वत्र अनास्था आढळते. घरमालक म्हणतो, भाडेकरूनें पाहावें. भाडेकरू म्हणतो, आम्हीं अकरा महिन्यांचे पाहुणे. सोसायटीचे चिटणीस म्हणतात, सभेपुढें ठेवूं. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेंत रंगाच्या खर्चावर दोन तास वाद होतो, व जिन्याखालच्या पेटीवर दोन मिनिटेंहि कोणी बोलत नाहीं. कारण रंग दिसतो, सांधा दिसत नाहीं. पालकांस आमची विनंति आहे, कीं येत्या सभेंत हा एक विषय आवर्जून घ्यावा. भाडेकरूंसहि बोलवावें, कारण वीज मालक व भाडेकरू असा भेद जाणत नाहीं. वर्षांतून एकदां होणारा खर्च सर्वांत वांटला असतां एका घराच्या वांट्यास फार थोडा येतो. एकाच घरानें कुरकुर करीत तो भरावा व इतरांनीं पाहत राहावें, ह्यांत शेजारधर्म नाहीं.

विद्यार्थ्यांसहि एक अभ्यास देतों. सुटींत पंधरा दिवस एक वही ठेवावी. दिवा केव्हां मंदावला, किती वेळ, त्या वेळीं घरांत काय चालू होतें, पंप किंवा लिफ्ट चालू होती काय, आणि शेजारच्या घरीं काय झालें, हें रोज लिहावें. शेवटच्या रकान्यासाठीं शेजाऱ्याचें दार ठोठावावें लागेल, व तोच ह्या अभ्यासाचा अधिक मोलाचा भाग आहे. आपल्या घरापुरतें पाहणाऱ्यास हा दोष कधींच पूर्ण दिसत नाहीं. दोन घरांचीं टिपणें शेजारीं शेजारीं ठेवलीं, म्हणजे तो आपोआप दिसूं लागतो. पंधरा दिवसांनीं ती वही विज्ञानाच्या शिक्षकांस व घरच्या वडील मंडळींस दाखवावी. इमारत तीच राहील, तारा त्याच राहतील. परंतु त्या तारांवर आतां कोणाचें तरी लक्ष आहे, एवढा फरक पडला तरी ह्या पाठाचें चीज झालें असें आम्ही समजूं.